गुलाबरावांचा कोरडा बार

गुलाबराव चाफल्यांना दारूचा वास सहन होत नसे. कामठीच्या क्लबात त्यांनी बारा-तेरा वर्षं साहेबलोकांना दारू ओतून दिली, ती दाढेखाली लवंग धरून. चव कधी घेतली नाही. बाटलीचं बूच काढताना ते मान डावीकडे वळवत, आणि पुढे मान तशीच किंचित डावीकडे राहून गेली. त्यामुळे समोरच्याला नेहमी वाटे की हा माणूस आपल्याकडे कान देऊन उभा आहे. ते खरंही होतं.

अशा माणसाने आर्वीत बार काढला याचं कुणाला फारसं नवल वाटलं नाही, कारण त्याहून मोठं नवल समोर होतं. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी होती.

आमच्या घराच्या रस्त्याकडच्या दोन खोल्यांपैकी एकीत माझ्या वडिलांचं वकिलीचं ऑफिस होतं आणि दुसरी त्यांनी गुलाबरावांना भाड्याने दिली होती. त्या खोलीच्या आणि आमच्या पडवीच्या मध्ये एक जाळीची खिडकी होती. तिच्या झडपा फुगलेल्या होत्या, त्या लागत नसत. मी नागपूरला नन्सच्या शाळेत, बोर्डिंगात शिकले. मॅट्रिक होऊन घरी आले होते आणि पुढे कॉलेजात घालायचं की नाही हे बाबांचं ठरत नव्हतं. माणसांशी बोलणं मला जड जाई. मनात वाक्य इंग्रजीत तयार होई, त्याचं मराठी करेपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असे. म्हणून मी पुस्तक घेऊन त्या खिडकीशी बसे आणि ऐकत असे.

बारचं सामान आलं त्या दिवशी अर्धं आर्वी रस्त्यावर होतं. क्लबाच्या लिलावात गुलाबरावांनी एकच वस्तू घेतली होती: सागवानी काउंटर, बारा फूट लांब, खाली पाय ठेवायला पितळी दांडी. पुलगावहून आमच्याकडे येणाऱ्या छोट्या रेल्वेगाडीत तो मावेना, म्हणून बैलबंडीवरून आला. खोली दहा फुटांची. गुलाबरावांनी काउंटर कापायला साफ नकार दिला, त्यामुळे दोन फूट काउंटर दारातून बाहेर ओट्यावर आला. दार त्यांना कधीच लावता आलं नाही. रात्री ते तरटाचा पडदा सोडून आतच झोपत.

'गुलाब बार' अशी पाटी लागल्यावर नगरपालिकेचा माणूस विचारायला आला. गुलाबरावांनी त्याला काउंटरपुढे उभं केलं, त्याचा पाय उचलून पितळी दांडीवर ठेवला, कोपर फळीवर टेकवलं आणि म्हणाले, "याले बार म्हन्तेत सायब. फळीले. त्यावर काय ठेवाचं थे ज्याच्या त्याच्या सरकारनं ठरवाचं." त्यावर त्यांनी त्याच्यापुढे गोटीसोडा ठेवला. माणूस सोडा पिऊन, दांडीवर दुसराही पाय ठेवून पाहून, परत गेला.

पण धंदा चालेना. गिऱ्हाईक येई, इकडेतिकडे पाही, डोळा मारून म्हणे, "अंदरचं?" गुलाबराव सांगत, अंदर काही नाही, सोडा आहे, लिंबू आहे, आल्याचा रस आहे. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा डोळा मारी. मग तिसऱ्यांदा. मग खात्री पटून चिडून निघून जाई. बर्फ रोज पुलगावहून भुशात गुंडाळून येई आणि रोज ओट्यावरून वाहून जाई.

दोन महिने असे गेल्यावर एका दुपारी गुलाबराव खिडकीशी आले. हातात एक पातळ इंग्रजी पुस्तक होतं, कव्हर गेलेलं. क्लबाचे सेक्रेटरी विलायतेला परत जाताना त्यांना देऊन गेले होते. गुलाबरावांना इंग्रजी बोललेलं समजे, वाचता येत नसे. इतकी वर्षं त्यांनी ते पोथीसारखं कापडात बांधून ठेवलं होतं, आत काय आहे हे माहीत नसताना.

"ताई, हे वाचून दाखवसान का?" ते म्हणाले. मी मनात वाक्य जुळवत होते, तेवढ्यात त्यांनी आणखी सांगितलं. "वावर भावाजवळ हाये. मले नांगर धरता येत नाई, कापूस येचता येत नाई. मले एकच येते, मानसासमोर गिलास ठेवनं. हे बंद पडलं तं मी कोन राह्यलो?"

मी पुस्तक घेतलं. ते बारमालकांसाठी लिहिलेलं होतं. पहिला भाग नफा कसा वाढवावा याविषयी, दुसरा गिऱ्हाईकाचं समाधान कसं करावं याविषयी. रोज दुपारी मी जाळीतून एक पान मराठीत सांगे. माझं मराठी तेव्हा बेताचं होतं, त्यामुळे वाक्यं फार लहान होत. गिऱ्हाईकाला खारं खायला द्या. त्याला नावाने ओळखा. तो नेहमी काय घेतो ते लक्षात ठेवा, त्याला सांगावं लागू नये. ग्लास जड बुडाचा घ्या. गुलाबराव उभ्याने ऐकत आणि प्रत्येक वाक्यानंतर ओठ हलवून ते एकदा स्वतःशी म्हणत. पुस्तकात दारू गृहीत धरलेली आहे हे मी एकदा चाचरत सांगितलं. त्यांनी हात हलवला. दारूचं काम दारू करते, ते म्हणाले, हे बाकीचं काम माणसाचं आहे.

आणि त्यांनी ते जसंच्या तसं केलं. काउंटरवर खारे फुटाणे आले. फुटाणे खाऊन तहान लागे, सोडा खपे, सोड्याने भूक लागे, फुटाणे खपत. आल्याच्या सोड्याचे त्यांनी लहान आणि मोठा असे दोन प्रकार केले. आल्याचा रस दुप्पट घातला की त्याला कडक म्हणत. माणूस ओट्याची पायरी चढायच्या आत त्याचा ग्लास काउंटरवर ठेवलेला असे. बार साडेपाचला उघडे आणि आठला बंद होई. कामठीला साहेब साडेपाचला येत, म्हणून. एका महिन्यात दिवसाला सोड्याच्या दोन पेट्यांच्या चार झाल्या.

पण खरा बदल झाला तो भोयर गुरुजींमुळे. हे शाळेत गणित शिकवत. इतके शांत होते की हजेरी घेताना मुलांना त्यांचा आवाज ऐकायला पुढे वाकावं लागे. ते रोज येऊन एक लहान घेत. त्या आठवड्यात त्यांना डावलून दुसऱ्याला हेडमास्तर केलं होतं, आणि त्या संध्याकाळी त्यांनी लागोपाठ चार कडक घेतले. त्याच दुपारी मी गुलाबरावांना नवं पान वाचून दाखवलं होतं: गिऱ्हाईकाला पुरे झालं की चांगल्या बारवाल्याला ते गिऱ्हाईकाच्या आधी कळतं. त्याने गोड बोलून थांबवावं आणि गिऱ्हाईक नीट घरी पोचेल असं पाहावं.

गुरुजींनी पाचवा मागितला. गुलाबरावांनी ग्लासावर हळूच तळहात ठेवला.

"बस झालं गुरुजी आता," ते म्हणाले. "घरी वहिनी वाट पाहून राह्यल्या असन."

गुरुजींनी त्या हाताकडे पाहिलं. आजपर्यंत त्यांना कुणी थांबवलं नव्हतं, कारण ते कधी कुठे निघालेच नव्हते. त्यांच्यापासून कुणाला काही धोका असू शकतो असं आयुष्यात प्रथमच कुणाला वाटलं होतं. ते फळीवरून कोपर काढून सरळ उभे राहिले आणि मग माझ्या डोळ्यांदेखत झुलले. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग काउंटरवर डोकं ठेवून मोठ्याने रडले. नव्या हेडमास्तरांना भागाकार येत नाही, असं त्यांनी रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तीनदा सांगितलं. गुलाबरावांनी खांद्यावरचं फडकं बाजूला ठेवलं, गुरुजींचा दंड धरला आणि त्यांना घरापर्यंत पोचवून आले.

दुसऱ्या दिवशी गुरुजी पायरीवर बराच वेळ उभे होते. शेवटी त्यांनी विचारलं, काल मी काही बोललो का.

"काल तुमी आलतेच कुठं गुरुजी?" गुलाबराव म्हणाले, आणि लहान पुढे केला.

हे गावात पसरायला चार दिवस लागले. चांगल्या माणसांना, ज्यांना डोळा मारता येत नव्हता आणि ज्यांना खरी दारू पिण्याची भीती वाटे अशांना, एकाएकी कळलं की आपल्यालाही झिंगता येतं. चार कडक झाले की गुलाबराव ग्लासावर हात ठेवत, आणि हात ठेवला की माणूस सुटे. त्यांनी कधी कुणाला हे दारू आहे असं सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. आणि कुणी कितीही बरळला तरी दुसऱ्या दिवशी तो काल आलेलाच नसे.

धनराजसेठ म्हणून कापसाचे एक मोठे अडत्ये होते. ते आपल्या मुनीमाला दिवसभर शिव्या देत आणि सहा वाजता काउंटरवर त्याला मिठी मारून म्हणत की तू मेरा बाप है. मुनीम अवघडून उभा राही. सकाळी पुन्हा शिव्या. रोहणा गावचे दोन भाऊ होते, शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडलेले. जोपर्यंत शुद्धीत आहोत तोपर्यंत एकमेकांशी शब्द बोलणार नाही, अशी शपथ दोघांनी केळझरच्या गणपतीसमोर घेतली होती. आठवड्याच्या बाजाराला ते वेगवेगळ्या बंड्यांतून येत, काउंटरच्या दोन टोकांना उभे राहत, थोरला आत आणि धाकटा बाहेरच्या दोन फुटांवर. चौथ्या ग्लासानंतर ते सरकत सरकत मध्यावर येत आणि गळ्यात गळा घालून आईच्या आजारपणाविषयी, पेरणीविषयी, बैलाच्या खुराविषयी सगळं बोलून घेत. मग दोन बंड्यांतून मुक्याने परत जात. दिवसाच्या नऊ पेट्या झाल्या.

बायकांना यातलं काय करावं ते कळेना. गुरुजींच्या पत्नी एकदा माझ्या आईकडे आल्या. त्यांनी गुरुजींच्या तोंडाचा वास घेऊन पाहिला होता. आल्याचा आला. "दारू पेले असते तं भांडता तरी आलं असतं," त्या म्हणाल्या. "आता कायले भांडू? सर्दीले चांगलं असते म्हन्तेत." बाबांनीही खात्री करून घ्यायला एकदा एक कडक मागवून प्यायला होता आणि निकाल दिला होता की हे आलंच आहे. त्या रात्री मात्र जेवताना ते एक नाट्यपद गुणगुणत होते. आईने त्यांच्या ताटात जास्तीची पोळी वाढली.

गुलाबराव या दिवसांत फार आनंदात होते असं म्हणता येणार नाही. ते आनंद दाखवत नसत. पण संध्याकाळी साडेपाचला पांढरा कोट चढवून ते काउंटरवरून ओलं फडकं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदाच, न थांबता फिरवत, बाहेरच्या दोन फुटांसकट. तेव्हा ते आपल्या जागेवर उभे आहेत हे लांबूनही दिसे.

कुणी तरी अर्ज केला. कुणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. नव्या हेडमास्तरांवर संशय होता. वर्ध्याहून दारूबंदीचे इन्स्पेक्टर दोन शिपायांसह आले, तेही बाजाराच्या दिवशी सव्वासातला. त्यांना धाड घालायची गरजच पडली नाही. ते रस्ता ओलांडत असताना धनराजसेठ त्यांच्या गळ्यात पडले आणि तू मेरा बाप है म्हणाले. रोहण्याचे भाऊ एकमेकांना आवरत होते. भोयर गुरुजी बाहेरच्या टोकाला उभे राहून भागाकार समजावून सांगत होते. इन्स्पेक्टरांनी अकरा माणसांची नावं लिहून घेतली, बाटल्यांना लाखेचं सील लावलं आणि गुलाबरावांना पकडलं. खोलीलाही सील लावायचं होतं, पण काउंटर आड येऊन दार लागेना. शेवटी त्यांनी तरटाच्या पडद्याला लाख लावली.

बाबांनी गुलाबरावांना जामिनावर सोडवून आणलं आणि सांगितलं की ही केस पाच मिनिटांची आहे. बाटल्या तपासणीला गेल्या आहेत, रिपोर्ट येईल, संपलं. रिपोर्ट तसाच आला. साखर, लिंबू, आलं, काळं मीठ, पाणी. बाबांनी तो चष्म्याच्या डबीखाली ठेवला आणि त्या दिवशी लवकर जेवले.

त्याच संध्याकाळपासून माणसं यायला लागली. पुढच्या दाराने कुणी आलं नाही. सगळे मागच्या अंगणातून, एकेकटे, तुळशीला वळसा घालून आले. पहिले धनराजसेठ. ऑफिसचं दार पडवीत उघडत असल्यामुळे मला सगळं ऐकू येई. त्यांना साक्ष द्यायची होती. बाबांना वाटलं, गुलाबरावांच्या बाजूने. सेठजींना साक्ष द्यायची होती की ती दारू होती.

"सोडा पीके मैंने मुनीम को बाप बोला, ये बाजार में मालूम पड़ेगा तो भाव कौन देगा मेरे को?" ते म्हणाले. "दारू का दंड भर देंगे, वकीलसाब. इज्जत का क्या?"

रोहण्याचे भाऊ वेगवेगळ्या वेळी आले आणि दोघांनी अक्षरशः तेच सांगितलं. सोडा असेल तर ते शुद्धीत होते. शुद्धीत होते तर गणपतीसमोरची शपथ दर आठवड्याला मोडली. त्यांना तुरुंग चालेल, म्हणाले. भोयर गुरुजी सगळ्यांत शेवटी आले. ते इतक्या हळू बोलत होते की मला खिडकीपासून उठून दाराशी जावं लागलं.

"दारू पिऊन रडलो तर पोरं चार दिवस हसतील आणि विसरतील," ते म्हणाले. "आल्याचा सोडा पिऊन रडलो असं कोर्टात सिद्ध झालं, तर मी फळ्यासमोर कसा उभा राहू, वकीलसाहेब?"

बाबा चिडले. रिपोर्ट हातात असताना ते कुणाच्या लाजेसाठी आपलं अशील तुरुंगात पाठवणार नव्हते. गुलाबराव सुटले की पडद्याचं सील निघेल, बार उघडेल, तुम्हीच पुन्हा तिथे उभे राहाल, असं त्यांनी गुरुजींना सांगितलं. गुरुजी म्हणाले की सोडा आहे हे सगळ्यांना माहीत झाल्यावर तिथे उभं राहून काय करायचं.

तारखेच्या आदल्या दुपारी गुलाबराव खिडकीशी आले. बार बंद असल्यामुळे ते आता पडवीच्या बाजूने येत. अकरा जण काय सांगून गेले ते त्यांना ठाऊक होतं. ते आधी त्यांच्याकडेच आले होते. त्यांनी कापडातून पुस्तक सोडलं आणि विचारलं की असा प्रसंग आला तर यात काय सांगितलं आहे. मी म्हणाले, यात कोर्टाचा धडा नाही. ते म्हणाले, पाहा तरी. मी पानं उलटली. दुसऱ्या भागाच्या शेवटी, बिलावरून होणाऱ्या कटकटींच्या परिच्छेदात एक वाक्य होतं. मला ते गाळता आलं असतं. पण मी त्यांना आजवर एकही वाक्य गाळून सांगितलं नव्हतं.

"आपण काय प्यालो याविषयी गिऱ्हाईक सांगेल ते मानावं," मी वाचलं. "त्याच्याशी वाद घालू नये."

गुलाबरावांनी ओठ हलवून ते एकदा म्हटलं. मग पुस्तक कापडात बांधलं.

कोर्टात मी गेले ती आईबरोबर, बायकांच्या बाकावर, अगदी कडेला. अकरा जण स्वच्छ कपडे घालून एका रांगेत बसले होते. बाबा रिपोर्ट घेऊन उभे राहिले आणि तो वाचायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात पिंजऱ्यातून गुलाबराव म्हणाले की त्यांना गुन्हा कबूल आहे.

मॅजिस्ट्रेट वयस्क होते. त्यांनी रिपोर्ट मागवून घेतला, पूर्ण वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं. "यात सोडा लिहिलाय," ते म्हणाले.

"रिपोर्ट बाटलीचा हाये सायब," गुलाबराव म्हणाले. "पेलेल्या मानसाचा नाई."

मॅजिस्ट्रेटनी विचारलं की मग कोणती दारू होती. मला वाटलं, आता अडकतील. गुलाबराव पिंजऱ्यात ताठ उभे राहिले, मान नेहमीसारखी थोडी डावीकडे, आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. गुरुजींना ब्रँडी, लहान ग्लासात, पाणी न घालता. सेठजींना व्हिस्की, सोडा वेगळा. थोरल्या भावाला रम, धाकट्याला रम आणि लिंबू, कारण त्याला पित्त होतं. अकराही जणांचं त्यांनी कामठीच्या क्लबातल्या अदबीने सांगितलं, कुठला ग्लास, किती बर्फ. प्रत्येक नावाबरोबर तो तो माणूस बाकावर थोडा सरळ होत होता. आपण ब्रँडी पीत होतो हे ऐकून गुरुजींच्या चेहऱ्यावर जी ऐट आली, ती पहिल्या नंबराने पास झालेल्या मुलाच्याही चेहऱ्यावर मी कधी पाहिली नव्हती.

बाबा मध्ये म्हणाले की आरोपी खोटं बोलतोय. स्वतःच्या अशिलाविषयी हे वाक्य त्यांनी वकिलीत एकदाच उच्चारलं. मॅजिस्ट्रेटनी बोटांवर मोजलं. आरोपी म्हणतो दारू, अकरा जण माना डोलावून म्हणतात दारू, इन्स्पेक्टर म्हणतात दारू. एकटी बाटली म्हणत होती सोडा. त्यांनी तीन महिने दिले. अकरा जणांना दंड झाला आणि तो त्यांनी तिथल्या तिथे, जवळजवळ हसत, भरला.

बाहेर पिंपळाखाली बाबांनी गुलाबरावांना विचारलं की हे काऊन केलं. रागात ते एरवी कधी न बोलणारी भाषा बोलून गेले.

"इन्स्पेक्टरसायब वर्ध्याहून आलते," गुलाबराव म्हणाले. "त्याईले खाली हात धाडनं मले बरं नाई वाटलं." मग म्हणाले, "अन् गुरुजी."

त्यानंतरच्या संध्याकाळी मी खिडकीतून पाही. आत तरट आणि लाख. पण बाहेरचे दोन फूट मोकळे होते. साडेपाचला कुणी ना कुणी येई, फळीवर कोपर टेकवी, आठपर्यंत उभा राही आणि सरळ चालत घरी जाई. रोहण्याचे भाऊ बाजाराला आले. दोघांना दोन फुटांत मावणं भाग होतं, तेव्हा ते पाठीला पाठ लावून उभे राहिले आणि एक शब्दही न बोलता गेले. पुढच्या बाजारी धाकटा आला नाही.

बाबांनी अपील तयार केलं. कबुली दिल्यावर अपील अवघड, पण रिपोर्ट होता, आणि वरच्या कोर्टाला विनोद कमी समजतो असं बाबांचं मत होतं. सोडा सिद्ध झाला की शिक्षा रद्द, सील रद्द, खोली, काउंटर सगळं परत. फक्त गुलाबरावांची सही हवी होती. तोवर मला कॉलेजात घालायचं ठरलं होतं. बाबा मला नागपूरला पोचवायला निघाले ते वर्ध्याला उतरून, वाटेत सही घेऊन जाऊ म्हणून.

तुरुंगाच्या पहिल्या दरवाजातून आम्हांला आत घेतलं आणि आतल्या अंगणाच्या उंबऱ्याशी थांबायला सांगितलं. बाबांनी कागद काढले, पेनाचं टोपण काढलं. अंगणात कडुनिंबाखाली तिवईवर पाण्याचे तीन रांजण होते आणि त्यांच्यामागे गुलाबराव उभे होते, कैद्याच्या जाड कपड्यांत, मनगटावर ओलं फडकं. त्यांना पाणी वाटायचं काम दिलेलं होतं. समोर एक मिशीवाला वॉर्डर तिवईच्या कडेवर कोपर टेकून उभा होता. त्याच्या हातात पत्र्याचा मग होता. तो काही तरी सांगत होता, आणि सांगताना त्याची टोपी मागे सरकत सरकत पार कानावर आली होती. त्याच्यामागे दोन कैदी आपापले मग घेऊन उभे होते. त्यांतला एक उभ्याउभ्या हळूच डोलत होता.

बाबांनी हाक मारली. गुलाबरावांनी वर पाहिलं. आम्हांला ओळखून त्यांनी आदराने मान लववली, माझ्याकडेही पाहून लववली, आणि फडकं असलेला हात जरासा वर करून थांबायला सांगितलं. मग ते वॉर्डरकडे वळले. वॉर्डर आपल्या विकून टाकलेल्या बैलाविषयी बोलत होता. बैलाचं नाव सांगताना त्याला रडू फुटलं.

शिपाई आम्हांला म्हणाला की वेळ पाच मिनिटं आहे. बाबांनी एकदा रांगेकडे पाहिलं. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं, कागद घडी करून कोटात ठेवले, आणि आम्ही दोघं त्या कैद्यांच्या मागे रांगेत उभे राहिलो.